डाव्या गालाची पट्टी

माझ्या डाव्या किडनीतून निघणारी नळी थोडीशी माझ्याच गालाची आहे. हे मी स्टाफरूममध्ये पहिल्यांदा सांगितलं, तेव्हा चित्रकलेच्या सरांनी हातातला घास पुन्हा डब्यात ठेवला. चौथीच्या वर्गाला मात्र मी हे अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर दुसऱ्या दिवशी निम्मे पालक शाळेच्या दारात उभे राहतील.

मी भाईंदर पूर्वेच्या एका प्राथमिक शाळेत शिकवते आणि गोडदेवला राहते. सासरची मिठागरं होती, थोडी भातशेती होती. ती गेली, तिथे इमारती आल्या, आणि आमच्या जुन्या घराच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आम्ही तिघं राहतो: मी, माझे यजमान आणि ऐंशी ओलांडलेल्या सासूबाई. जिन्यात हिंदी, स्वयंपाकघरात मराठी आणि सासूबाईंच्या खोलीत आगरी अशा तीन बोली आमच्याकडे चालतात, आणि तिन्हींत मला भांडता येतं. माझा स्वभाव तापट आहे हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढे ते लपणार नाहीच.

तर झालं असं की किडनीतून मूत्राशयाकडे जी बारीक नळी उतरते, तिच्यात माझा एक खडा अडकला. दुर्बिणीतून लेझरने तो फोडला. राहिलेला चुरा काही महिन्यांनी पुन्हा काढला. खडा गेला, पण जिथे तो रुतून बसला होता तिथली जखम भरताना नळी आतून आवळली. कुणाची चूक नव्हती, काहींच्या जखमा अशाच कडक भरतात म्हणे. वरून लघवी येतेय, खाली जायला वाट नाही, आणि मधल्यामध्ये किडनी फुगतेय, असा प्रकार. वाट मोकळी झाली नाही तर ती हळूहळू काम सोडून देईल आणि मग काढून टाकावी लागेल, असं मला स्वच्छ शब्दांत सांगण्यात आलं.

"एका किडनीवर माणूस छान जगतो," असं मला निदान दहा जणांनी समजावलं. त्या दहाही जणांना दोन-दोन होत्या. माझी आई शेवटची दोन वर्षं डायलिसिसवर होती. आठवड्यातून तीनदा मी तिला घेऊन जात असे आणि परत येताना रिक्षात ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपत असे. त्यामुळे एक गेली तर गेली असं मला म्हणता येईना. मला माझ्या दोन्ही हव्या होत्या.

आमचे हे महापालिकेच्या पाणीपुरवठ्यात फिटर होते, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. जन्मभर खड्ड्यात उतरून लाइनी जोडल्यामुळे माझं दुखणं त्यांना माझ्यापेक्षा आधी समजलं. मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात ज्या सर्जनकडे आम्हाला पाठवलं होतं, त्यांच्यासमोर खुर्ची पुढे ओढून त्यांनी थेट विचारलं, "डॉक्टर, खराब तुकडा कापून दोन टोकं जोडली तर?"

सर्जन चाळिशीचे असतील. त्यांनी चष्मा काढून ह्यांच्याकडे नीट बघितलं. "तुकडा लांब आहे. कापला तर टोकं एकमेकांपर्यंत पोचणार नाहीत. ओढून जोडली तर ताण येईल."

"आणि ताण आला की जोड गळणार."

"बरोबर. म्हणून कापायचं नाही. आवळलेला भाग लांबीने उघडायचा आणि वरून पट्टी बसवायची. नळी रुंद होते."

"पट्टी कशाची? रबर तर नसणार."

"गालाची," डॉक्टर म्हणाले. "गालाच्या आतलं अस्तर. सारखं ओलं राहायची त्याला सवय असते, ते लवकर धरतं आणि गालही लवकर भरतो."

मी आपली दोघांच्या मधे बसले होते. आमच्या घरात नळ गळायला लागला की हे आणि प्लंबर असेच बोलतात आणि मी चहा करते. इथे चहाही करता येईना, म्हणून मी विचारलं की रोबोट ऑपरेशन करणार म्हणजे तुम्ही तेव्हा कुठे असणार. ते हसले. "त्याच खोलीत, तुमच्यापासून पाच-सहा पावलांवर. एका यंत्रात डोकं घालून बसलेला असेन. पोटावर बारीक भोकं पाडून त्याचे हात आत जातात, पण ते माझ्या बोटांबरोबर हलतात. मी थांबलो की तो थांबतो. आणि मला आतलं सगळं मोठं होऊन दिसतं. केसाएवढ्या दोऱ्याने इतक्या आत शिवायचं तर ते लागतं."

मला हे पटलं. मी स्वतः ब्लाउज शिवते. बगलेत जोड देताना हात आत जात नाही तेव्हा काय होतं ते मला ठाऊक आहे.

मग त्यांनी विचारलं, "तंबाखू, गुटखा, मावा, असं काही?"

मी ताठ बसले. "डॉक्टर, मी शिक्षिका आहे."

आता इथे मला थोडं मागे जायला हवं. आमची शाळा तंबाखूमुक्त शाळा आहे. फाटकावर तसा फलक आहे, आणि तो लावण्यासाठी मुख्याध्यापकांच्या मागे तीन महिने लागलेली बाई म्हणजे मी. दर सोमवारी प्रार्थनेनंतर मुलांना मी शपथ देते. समोरचा पानवाला शाळेपासून किती अंतरावर बसतो ते टेप लावून मोजलं तेही मीच, आणि त्याला पुढच्या गल्लीत हलवलं तेही मी. सांगायचा मुद्दा असा की डॉक्टरांना उत्तर देताना मी खोटं बोलत होते असं मला क्षणभरही वाटलं नाही.

डॉक्टरांनी तोंड उघडायला सांगितलं. लाकडी पट्टीने आधी डावा गाल बाजूला केला, बॅटरी मारली, मान हलवली. मग उजवा गाल बाजूला केला आणि तिथेच थांबले.

"मॅडम, दात कशाने घासता?"

"ब्रशने."

"आणि?"

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे छताकडे पाहत होते.

"मिश्री लावते," मी म्हणाले. "सकाळी, आणि शाळेतून आल्यावर दुपारी. दातांसाठी."

डॉक्टरांनी पट्टी टाकून दिली, हात धुतले आणि अगदी शांतपणे विचारलं, "मिश्री कशाची करतात, मॅडम?"

"तंबाखू भाजून," मी म्हणाले.

माझंच वाक्य माझ्या कानांवर आलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण मी चौथीला दरवर्षी वाक्यात उपयोग करायला देते. इतकी वर्षं मुलांनी तिचे किती वाक्यांत उपयोग केले असतील, पण बाईंसारखा कुणी केला नव्हता. लाजेने माझे कान तापले, आणि मला लाज वाटली की मी चिडते, म्हणून मी ह्यांच्यावर चिडले. "तुम्ही तरी बोलायचं होतंत," मी म्हणाले. "मला वाटलं दातांसाठी आहे," हे म्हणाले. डॉक्टर खाली मान घालून लिहीत होते, पण त्यांचे खांदे हलत होते.

ज्यांना हे विचित्र वाटेल त्यांना एवढंच सांगते की आमच्याकडच्या बायकांत मिश्री हे व्यसन समजलं जात नाही. बिडी व्यसन, दारू व्यसन. मिश्री म्हणजे दात घासणं, आणि दुपारी उन्हं कलली की ओट्यावर बसून दोन शब्द बोलणं. लग्न होऊन आले तेव्हा मला ती लावता येत नव्हती. पहिल्या बाळंतपणाच्या आधी माझी दाढ ठणकायला लागली, आणि सासूबाईंनी बोटाच्या टोकावर चिमूटभर काळी पूड घेऊन माझ्या उजव्या गालात धरली. दाढ थांबली. नंतर ती दाढ काढून टाकली, पण चिमूट तिथेच राहिली, तेहतीस वर्षं. आम्हा दोघींचं कशावरच पटलं नाही, ना मिठावर, ना माझ्या नोकरीवर, ना मुलीच्या नावावर. फक्त दुपारच्या त्या दहा मिनिटांत आम्ही एका डब्यातून मिश्री घ्यायचो आणि भांडायचो नाही.

डॉक्टरांनी सगळं समजावून सांगितलं. उजव्या गालात पांढरा चट्टा होता, तो उपयोगाचा नाही, शिवाय त्याचा तुकडा काढून तपासायला हवा. डावा गाल बरा दिसतोय, पण त्यालाही सूज आहे. आधी पाठीतून किडनीत एक बारीक नळी घालू, लघवी बाहेर पिशवीत घेऊ, म्हणजे आवळलेला भाग दीड महिना स्वस्थ राहील. तेवढे दिवस मिश्री पूर्ण बंद. पूर्ण म्हणजे पूर्ण. दीड महिन्यानंतर डावा गाल चांगला असला तर गालाची पट्टी. नसला तर आतड्याचा तुकडा वापरून फार मोठं काम करावं लागेल, आणि तेवढं करून किडनी किती काळ टिकेल हे ते सांगू शकत नव्हते.

उजव्या गालाचा रिपोर्ट चांगला आला. वाईट काही नव्हतं. दीड महिना मात्र माझा माझ्याशीच झगडा चालला होता. कमरेला पिशवी होती, तिच्यासाठी जुन्या सुती साडीची एक झोळी शिवून घेतली होती. शाळेतून रजा. सकाळी उठल्यावर डोकं इतकं दुखायचं की भिंतीला टेकून उभं राहावं. पोट साफ होईना. कुकरची शिट्टी सहन होईना. मुलीने फोन केला आणि "आई, कशी आहेस" विचारलं तर मी तिला पंधरा मिनिटं ओरडले, आणि कशाबद्दल ते आम्हा दोघींनाही कळलं नाही.

सासूबाईंना तर यातलं काहीच मान्य नव्हतं. "तमाखू न्हाय ती," त्या म्हणायच्या. "मिसरी हाय. माजे आयसनं लावली, मी लावते. माज्या दोनी किडन्या हायेत ना?" रोबोटबद्दल त्यांचा एकच प्रश्न होता, आणि तो त्यांनी ह्यांना बाजूला घेऊन विचारला. "ते यंत्र बाप्या हाय का बाई?" ह्यांनी सांगितलं की यंत्राला तसं काही नसतं. त्यांचं समाधान झालं नाही. "हात हायेत ना त्याला," त्या म्हणाल्या.

पंधरा दिवसांनी त्यांची मिश्री संपली आणि त्यांनी तवा गॅसवर ठेवला. तंबाखू भाजल्याचा ठसका ज्याने घेतला नाही त्याला सांगून कळणार नाही. नेहमीप्रमाणे समोरच्या मारवाडी वहिनी नाकाला पदर लावून दारात आल्या. "भाभी, कुछ जल रहा है क्या?" एरवी मी त्यांना "धूप है" म्हणून परत पाठवते. त्या दिवशी मी सरळ त्यांच्या घरात जाऊन बसले आणि वास जाईपर्यंत हललेच नाही. त्यांनी मला ताक दिलं. इतक्या वर्षांत मी त्यांच्याकडे पहिल्यांदा बसले होते. त्यांनी माझी झोळी पाहिली, पण विचारलं काही नाही, फक्त पंखा माझ्या बाजूला वळवला.

घरी आले तर सासूबाई गॅलरीत नेहमीच्या जागी बसलेल्या. नवी पूड, डबा उघडा. माझं तोंड बघून त्यांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी डबा पुढे केला. "येवडीशी लाव गो," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "डोकं उतरंल. डाक्टर काय बघायला येतंय?"

त्यांनी ते मायेने म्हटलं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. म्हणूनच ते टाळणं अवघड होतं. माझं बोट डब्यात गेलंही. ती गरम, मऊ पूड बोटाला लागली आणि तोंडाला पाणी सुटलं. तेवढ्यात झोळीतली पिशवी मांडीला कोमट लागली. किडनी काम करत होती. आवळून, फुगवून, पाठीतून भोक पाडून बाहेर वाट काढून दिलेली ती बिचारी अजून तिचं काम इमानाने करत होती, आणि मी इथे बसून तिचा गळा दाबायला निघाले होते. मी उठले आणि साबणाने तीनदा हात धुतले. मनातून मी सासूबाईंवर फार चिडले होते. यांनीच मला लावली, यांनीच, असं मी बेसिनपाशी उभी राहून किती वेळा मनात म्हटलं असेल. ते ओठांपर्यंत आलं होतं. पंच्याऐंशीकडे झुकलेल्या बाईला ते बोलून काय मिळणार होतं, म्हणून गिळलं.

दीड महिन्यानंतर डॉक्टरांनी डावा गाल बाहेरून, आतून, बोटाने, बॅटरीने, सगळ्या प्रकारे पाहिला. "चालेल," ते म्हणाले. शाळेत पहिला नंबर आल्यावर मुलांची तोंडं जशी होतात तसं माझं झालं असावं, कारण हे माझ्याकडे बघून हसायला लागले.

ऑपरेशनच्या दिवशी मला आत नेलं तेव्हा रोबोट पहिल्यांदा पाहिला. उंच, चार हात, आणि प्रत्येक हातावर पारदर्शक प्लॅस्टिक चढवलेलं. आमच्या इमारतीत नवा सोफा आणला की वर्षभर त्याचं प्लॅस्टिक काढत नाहीत, ते मला आठवलं. भीती वाटायच्या ऐवजी हसू आलं. भूल देणाऱ्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "काय झालं?" मी म्हणाले, "काही नाही, तो बाप्या आहे का बाई ते बघायचं होतं." त्यांनी मला दहापासून उलटे आकडे मोजायला सांगितले. मुलांकडून मी रोज मोजून घेते, मी मात्र सातवर बाद झाले.

नंतरचं मला ह्यांनी सांगितलं. पाच तासांनी सर्जन बाहेर आले, टोपी हातात, कपाळावर यंत्राचा वळ उमटलेला. आधीच्या स्कॅनच्या चित्रात दिसत होता त्यापेक्षा आवळलेला भाग आतून लांब निघाला होता. मोजून घेतलेली पट्टी पुरत नव्हती. डाव्या गालातून अजून थोडं अस्तर घ्यावं लागलं, जेवढं घेता येईल तेवढं, आणि ते बरोबर पुरलं. वरून पोटातल्या चरबीचा पदर गुंडाळला, म्हणजे पट्टीला रक्त मिळतं. "पाणी सोडून बघितलंत?" ह्यांनी विचारलं. "बघितलं," डॉक्टर म्हणाले. "गळत नाही." चाळीस वर्षं लोकांच्या लाइनीत पाणी सोडून बघणारा माझा नवरा तिथल्या बाकावर बसून रडला. हे त्याने मला सांगितलं नाही, परिचारिकेने सांगितलं.

मी शुद्धीवर आले तेव्हा पोटावर पाच छोट्या पट्ट्या होत्या आणि डावा गाल लिंबाएवढा सुजला होता. पोट फारसं दुखलं नाही. दुसऱ्या दिवशी मी व्हरांड्यात चालले. गालाने मात्र सूड उगवला. चार दिवस बोलता येईना. थंड दूध, आइस्क्रीम, पातळ पेज, आणि बोलायचं ते वहीत लिहून. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. हे मोठ्या प्रेमाने पलंगाशी बसून मला पेपर वाचून दाखवायचे, मुद्दाम चुकीचे उच्चार करायचे आणि मी दुरुस्त करायला तोंड उघडते का ते बघायचे. वहीचं एक पान मी जपून ठेवलंय. त्यावर फक्त "घरी चला, मग सांगते" एवढं लिहिलंय, आणि त्याखाली दोन रेघा मारल्यात.

पाठीतली नळी निघाली. पुढे दीड महिन्याने, पट्टी धरेपर्यंत आत ठेवलेली आधाराची बारीक नळीही काढली. त्या दिवशी घरी आल्यावर मी बाथरूममध्ये गेले आणि कुठलीही कळ न येता, कुठलीही पिशवी न सांभाळता, साधीसुधी लघवी झाली. यात लिहिण्यासारखं काय आहे असं कुणाला वाटेल. वाटू दे. मी तिथे बसून आनंदाने हमसून हमसून रडले. बाहेरून ह्यांनी दार वाजवलं. "झाली का?" "झाली," मी म्हणाले. "प्रेशर कसं आहे?" "चांगलं आहे." "मग रडतेस कशाला?" मी बाहेर आले तेव्हा त्यांनी चहा टाकला होता.

पण खरी परीक्षा पुढे होती. नळी नीट उघडी राहिलीय का आणि किडनी वाचलीय का, हे तीन महिन्यांनंतरच्या स्कॅनमध्ये कळणार होतं. तोपर्यंत डॉक्टर नक्की काहीच बोलत नव्हते. मिश्रीला मी हात लावला नव्हता. दुपारी सासूबाई गॅलरीत बसल्या की मी वह्या घेऊन बसायचे, पण स्वयंपाकघरात. आमचं दुपारचं बोलणं बंद पडलं होतं. मला त्याची चुटपुट लागायची आणि त्यांनाही लागत असावी, पण दोघींपैकी कुणी तसं म्हणालं नाही.

स्कॅनच्या दिवशी शिरेत औषध देऊन मला एका यंत्राखाली अर्धा तास निश्चल झोपवलं. बाजूच्या पडद्यावर माझ्या दोन किडन्यांचे दोन वाल दिसायला लागले, भिजवून मोड आणलेल्या वालांसारखे फुगीर. उजवा भरला आणि रिकामा होत गेला. डावा भरला. भरलेलाच राहिला. मी श्वास रोखून बघत होते आणि ती तंत्रज्ञ मुलगी म्हणत होती, "आंटी, नॉर्मल श्वास घ्या." मग तिने लघवी वाढवायचं औषध टोचलं. एक मिनिट, दोन मिनिटं. आणि डावा वाल खालच्या टोकापासून फिका होत गेला, हळूहळू, अगदी हळू, पण होत गेला.

सर्जननी पडदा ह्यांच्याकडे वळवला, माझ्याकडे नाही. "वाट मोकळी आहे," ते म्हणाले. मग मला म्हणाले, "उजवीपेक्षा जरा कमी काम करते, पण करते. राहिली तुमची किडनी." मी त्यांना नमस्कार केला, ते संकोचले. निघताना त्यांनी मला पुन्हा तोंड उघडायला लावलं. डावा गाल भरला होता. उजवीकडचा चट्टा फिका झाला होता. "हा असाच जाईल," ते म्हणाले, "पण पुन्हा लावलीत तर नाही."

घरी पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. सासूबाई दारातच खुर्ची टाकून बसल्या होत्या. ह्यांनी त्यांना ओरडून सगळं सांगितलं, कारण त्यांना एका कानाने कमी ऐकू येतं: किडनी वाचली, डावा गाल जेमतेम पुरला, उजवा तर घेताच आला नसता. हे शेवटचं सांगायची काही गरज नव्हती, पण ह्यांना लाइनीचा हिशोब अर्धा सांगता येत नाही.

सासूबाईंनी ऐकून घेतलं. मग मला म्हणाल्या, "हिकडं ये. तोंड उगड."

मी उघडलं. त्यांनी ह्यांना मोबाइलची बॅटरी लावायला सांगितली. आधी डावीकडे बघितलं, मग बोटाने माझा उजवा गाल ओढून तिथे बघितलं. त्यांच्या बोटाला मिश्रीचा वास नव्हता. हे माझ्या लक्षात आलं, पण बोलता येत नव्हतं.

"हा मीच केला," त्या म्हणाल्या. "मीच लावली तुला."

बेसिनपाशी उभं राहून जे मी इतक्या वेळा मनात म्हटलं होतं, ते त्यांच्या तोंडून आलं आणि माझा सगळा राग कुठल्या कुठे गेला. मी खाली त्यांच्या पायाशी बसले. "आई, दाढ दुखत होती," मी म्हणाले. "तुम्हाला काय ठाऊक?"

त्या खुर्चीत पुढे सरकल्या, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले, आणि तेहतीस वर्षांत माझ्यासमोर कशासाठीही न वाकलेल्या त्या बाईने मान वर करून आपलं तोंड उघडलं.

"माजं पन बघ," त्या म्हणाल्या.

मी ह्यांच्या हातातून मोबाइल घेतला.